बाबांचं नवं गाऱ्हाणं

९ डिसेंबर

नोकरी लागली. आईला सांगितलं, कंपनीत लिहायचं काम आहे. खोटं नाही. पूर्ण खरंही नाही.

पूर्ण खरं असं: पालिकेच्या निवडणुकीत आमच्या वॉर्डातून प्रीतमदादा उभे राहतायत. त्यांच्या प्रचाराचं ऑफिस चकाल्याला, खाली फरसाणवाला, खिडकीतून मेट्रो दिसते. तिथलं सगळं श्वेता बघते. बोरिवलीची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. ती हसली की खोलीतल्या सगळ्यांना हसावं लागतं. तिने पार्ल्याच्या कॉलेजात माझी एकांकिका पाहिली होती. ती, ज्यात एक नट मालवणी गाऱ्हाणं घालतो आणि प्रेक्षकांकडून ‘होय म्हाराजा’ म्हणवून घेतो, आणि कशाला होय म्हणताय ते शेवटपर्यंत सांगत नाही. परीक्षकांनी लिहिलं होतं, आशय पोचत नाही.

श्वेता म्हणाली, “आशय गेला खड्ड्यात. अख्खं सभागृह होय म्हणत होतं. मी पण म्हटलं यार! तेव्हाच ठरवलं, ही पोरगी पाहिजे.”

माझ्या लिहिण्याबद्दल असं आजवर कोणी बोललं नाही. यावर्षी दोन मासिकांनी कथा परत पाठवल्या. तिसऱ्याने परतही पाठवली नाही.

अडचण एकच. प्रीतमदादांच्या विरोधात अपक्ष उभी राहतेय शकुकाकी. आमच्या भिंतीपलीकडची. सम्यकची आई.

पण मत मी काकीलाच देणार ना. इथे मी फक्त शब्द देणार. शब्द काय, कोणाचेही असतात.

११ डिसेंबर

श्वेताने लॅपटॉप उघडायच्या आधी चहा मागवला. म्हणाली, “पहिलं वाक्य असं पाहिजे की कोणी माई का लाल नाही म्हणू शकणार नाही. सांग एक.”

“पाणी कमी येतं.”

“झकास. दुसरं?”

“घरं जुनी झालीत.”

“करेक्ट. तीनदा मान हलली की चौथ्यांदा आपली आपण हलते. आणि चौथ्यात नाव नाही घ्यायचं, काय? नाव घेतलं की माणूस विचार करायला लागतो. जागा रिकामी सोड. ज्याचं त्याला भरू दे. स्वतः भरलेलं नाव कोणी खोडत नाही.”

मी विचारलं, “हे जरा गंडवणं नाही का?”

“तू कथेत वाचकासाठी जागा सोडतेस की नाही? सेम गोष्ट.”

घरी येईपर्यंत उत्तर शोधत होते. नाही सापडलं. म्हणजे तिचं बरोबर असणार.

१४ डिसेंबर, रविवार

सकाळपासून आमच्या खोलीत काकीची पत्रकं. आई घड्या घालते, काकी रबर लावते. मी चहा करते आणि तोंड बंद ठेवते.

शिरसाट चाळीत पन्नासेक घरं, बहुतेक आमच्यासारखी कोकणातली. बिल्डरने संमतीचे कागद वाटलेत, सही केली की चाळ पाडून टॉवर. प्रीतमदादा म्हणतात, लगेच करा. काकी म्हणते, करा, पण वाचून करा. तिने आयुष्यभर बालवाडी चालवली, त्यामुळे मोठ्या माणसांनाही पोरांसारखं समोर बसवते. दर बुधवारी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून ते कागद मोठ्याने वाचते. सातव्या पानावर काहीतरी आहे, भाडं किती वर्षं मिळणार ते लिहिलेलंच नाही. बस, एवढाच तिचा प्रचार.

“वनमाला, घडी तिरकी आली तुझी.”

“तुज्या निवडणुकीसारखी.”

“हसा, हसा. निवडून आले ना, पहिला तुझा नळ कापते.”

आई इतकी हसली की पत्रकं खाली पडली. बाबा गेल्यापासून आई अशी फक्त काकीसमोर हसते. दोन वर्षं झाली. हॉस्पिटलात शेवटचे अकरा दिवस काकी बाकड्यावर झोपली होती, तेही मला आठवतं. आठवण्यात काय, सगळंच आठवतं.

उद्यापासून दोघी घरोघर जाणार. आई पुढे, काकी मागे. काकी मला म्हणाली, “तुझ्या आईला बघून दार उघडतात गं. मला बघून आधी साखळीतून बघतात.” ती हे जोक सांगितल्यासारखं बोलते. जालन्याहून लग्न करून आली त्याला तीस वर्षं झाली. दर गणपतीत आमच्याकडे येते, दर चौदा एप्रिलला आई तिच्याकडे जाते. तरी साखळी.

१८ डिसेंबर

श्वेताबरोबर जेवले. तिच्या डब्यात उंधियो, शेजारणीने दिलेला. गप्पा घराच्या. तुझ्या चाळीत सगळे ऐकतात असं कोण? पूर्वी बाबा होते. आता? आई, थोडंफार. मग आई कोणाबरोबर असते? मी काकीचं सांगितलं. आई नसेल तर काकीला आमच्याकडे कोणी दारात उभं करणार नाही, हेही सांगितलं. अभिमानानेच सांगितलं, आईचा अभिमान.

श्वेता घास हातात धरून ऐकत होती. कोणी इतकं मन लावून ऐकलं की बोलावंसं वाटतं.

मग बाबांच्या गाऱ्हाण्याचा विषय निघाला. मी समजावलं. पूजा असो, होळी असो, एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो. एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं. सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. आणि गाऱ्हाण्यात एकदा होय म्हटलं की ते फिरवायचं नाही, देवासमोर दिलेला शब्द असतो तो. आमच्या चाळीत भांडणं अशी मिटलीत. एकदा बाबांनी दोन भावांना गाऱ्हाण्यात होय म्हणायला लावलं, ते अजून एका नळावर पाणी भरतात.

“रेकॉर्डिंग आहे?”

आहे. एकांकिकेसाठी मी बाबांना समोर बसवून चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं होतं, चांगल्या माइकवर.

“रेफरन्सला दे ना. लिहिताना लय पकडायला.”

दिलं.

२२ डिसेंबर

आज ऑफिसात बाबा बोलले.

मी लिहिलेलं वाक्य. गेल्या आठवड्यात टाइप केलेलं. बाबांच्या आवाजात, त्या रेकॉर्डिंगवरून मशीनने बनवलेल्या. श्वेताने हेडफोन माझ्या कानावर ठेवले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. ‘बा म्हाराजा.’ मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. ते टेबलावरून बारीक आवाजात बोलत राहिले.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. परत आले. पुन्हा लावले.

खरं सांगते, इथे खोटं लिहून काय उपयोग. पहिल्यांदा भीती वाटली. दुसऱ्यांदा बरं वाटलं. तिसऱ्यांदा मी एक शब्द बदलायला सांगितला, कारण बाबा ‘राहतात’ म्हणाले नसते, ‘ऱ्हवतत’ म्हणाले असते.

हा एक नवीन फॉर्मच आहे. मेलेला निवेदक. कोणी केलंय मराठीत? बाबांना माझं लिहिणं कळत नव्हतं, पण त्यांच्या तोंडी ते किती सरळ वाटतं. त्यांनाही आवडलं असतं. नसतं का?

२८ डिसेंबर, रविवार

चाळीची सत्यनारायणाची पूजा. मंडप आणि स्पीकर यंदा प्रीतमदादांकडून.

आरती झाली. बाबांनंतर गाऱ्हाणं लवूमामा घालतात, ते उपरणं सारखं करत उभे राहिले. तेवढ्यात माइकवाला म्हणाला, चंद्रप्रकाशभाऊंचं जुनं रेकॉर्डिंग मिळालंय, त्यांच्या लेकीने जपून ठेवलं होतं, आज त्यांच्याच आवाजात ऐकू. लवूमामांनी कान पकडले आणि खाली बसले. बायकांनी डोक्यावर पदर घेतले.

बा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत.

होय म्हाराजा.

हेंच्या बापाशींनी हय घाम गाळल्यानी, पत्र्याच्या खोलयेत संसार केल्यानी.

होय म्हाराजा!

आता लेकरांका पक्क्या घराची आस लागली हा.

होय म्हाराजा!

आणि जो कोण आपल्यात ऱ्हवान, आपल्या पंगतीक जेवान, त्या घराच्या वाटेर काटे टाकता, तेका वळखूची बुद्धी दी रे म्हाराजा!

होय म्हाराजा!!

मी शेवटी उभी होते. मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. चौथ्या वाक्याला त्या पाठी वळल्या. एकदम नाही. एकेक करून. बायकांच्या रांगेत टोकाला शकुकाकी बसली होती, मांडीवर द्रोणांचा ढीग, शिरा वाढायला. तिनेही आधीच्या तीन वाक्यांना होय म्हटलं होतं. मी पाहिलं.

आई तिच्या शेजारीच होती. आईने डोळे मिटलेले. चौथ्या वेळी सगळ्यांत आधी तिचा आवाज आला.

काकीने द्रोण वाटले. लोकांनी घेतले. एकाने घेतला आणि तुळशीपाशी ठेवून दिला.

घरी आल्यावर आईने विचारलं नाही, तू कुठे काम करतेस. तू हे कोणाला दिलंस. काहीच नाही. माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, “बरा ऐकूक येत होता.”

मी कोणाचं नाव घेतलं नव्हतं.

३१ डिसेंबर

आज कानावर आलेलं, जसंच्या तसं:

दूधवाला: “तुझ्या वडलांनी आधीच ओळखलं होतं गं.”

नळावरची बाई: “काटे टाकणारे आपल्यातच असतात.”

रिक्षावाला, ज्याला मी ओळखत नाही, तो फोनवर कोणाला तरी: “नाव घ्यायची गरज आहे का?”

लवूमामा: “माज्या जाग्यार तो उभो ऱ्हवलो, मराणानंतर. असो माणूस होणा नाय.”

आई, काकी दारात आली तेव्हा, दार अर्धंच उघडून: “आज पाय दुखता गो. उद्या बघूया.”

हे शेवटचं मी लिहिलेलं नाही. पण बाकीच्यांच्याच रांगेत बसतं.

३ जानेवारी

सम्यकला बसस्टॉपवर गाठलं. की त्याने मला गाठलं, कळलं नाही. आरेमधून जाणारी बस आली, दोघं चढलो, शेवटच्या सीटवर बसलो. लहानपणी असेच जायचो, तबेले मोजत.

“आवाज तुझ्या बापाचा. वाक्य तुझं,” तो म्हणाला.

“कशावरून?”

“काका देवाकडे काय मागायचे? पोरांना नोकरी दे, पाणी दे, भांडणं मिटव. ओळखायची बुद्धी दे असं मागणारा माणूस तो नव्हता. ते तुझ्या कथांमधलं आहे. कोणाचं नाव न घेता सगळ्यांना घाबरवायचं.”

“मी तुझ्या आईचं नाव घेतलेलं नाही, सम्यक.”

“हां. तेच तर. घेतलं असतंस तर ती उभी राहून बोलली असती, खोटं आहे म्हणून. आता काय बोलणार? तिने तोंड उघडलं तर म्हणतील, हिला कसं लागलं?”

मी म्हटलं, लोकांच्या मनात आधीच असतं, मी काय घातलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. झाडं, म्हशी, परत झाडं.

“चार दिवस ती एकटी फिरतेय. एकही दार नाही उघडलं तुमच्या बाजूचं. काल घरी येऊन चपला हातात घेऊन बसली होती. मला म्हणाली, वनमाला आजारी दिसते रे, विचारून ये. ती आजारी आहे असं समजून चाललीय ती अजून. यार, तू तिला सांग तरी. म्हणजे ती वाट बघणं बंद करेल.”

आरेतल्या एका युनिटच्या स्टॉपवर, म्हणजे तबेल्यांच्या वस्तीपाशी, तो उतरला. मी बसून राहिले, बस परत फिरेपर्यंत.

त्याचा राग समजू शकते. पण तोही एका बाजूनेच बघतोय.

६ जानेवारी

श्वेताला सांगितलं, ते रेकॉर्डिंग बंद करा. सगळ्या ग्रुपवर फिरतंय. मरोळपर्यंत गेलंय, जिथे बाबांना कोणी ओळखतही नव्हतं.

“बंद कसं करणार? माझ्या हातात आहे का ते?” मग जरा नरम झाली. मोबाइल माझ्यासमोर धरला. “हे बघ. माझी मम्मी. गेल्या वर्षी दुसऱ्या वॉर्डासाठी मी एक मेसेज लिहिला होता, परक्या भाडेकरूंपासून सावध राहा वगैरे. मम्मीला तो फिरत फिरत आला. तिने मलाच पाठवला. वर लिहिलंय, बेटा जपून राहा. आता ती दाराला तीन कड्या लावते. मी गेले तरी आधी विचारते, कोण?”

ती हसली. पहिल्यांदाच मी हसले नाही.

“तू सांगितलं नाहीस तिला?”

“सांगितलं. म्हणाली, तू लिहिलंस म्हणून काय झालं, आहे तर खरंच ना.”

मी राजीनामा दिला. म्हणजे बॅग उचलली आणि आले. आवाजाच्या मशीनचं माझं लॉगिन कोणी काढून घेतलं नाही, ते आता दिसलं. बाबांच्या फाइलला त्यांनी नाव दिलंय: ‘ज्येष्ठ पुरुष, कोकण, विश्वासू’.

८ जानेवारी

काकीकडे गेले. दारात उभं राहूनच सगळं सांगितलं. तिने ऐकलं, मग म्हणाली, “आत ये, उन्हात काय उभी राहतेस.”

भाकरी करत होती. थापत राहिली. मी म्हटलं, माझ्याकडे उपाय आहे. बाबांच्याच आवाजात दुसरं गाऱ्हाणं करते. चुकलामाकला असात तर पदरात घे, शकुक दोष देव नको, असं काहीतरी. एका दिवसात सगळं फिरेल. लोकांना खरं कळेल.

“खरं?” काकी म्हणाली.

“हो. म्हणजे मजकूर खरा असेल ना.”

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. “चंद्रप्रकाशभाऊंना मी अकरा दिवस पाणी पाजलं चमच्याने. शेवटी शेवटी बोलता येत नव्हतं त्यांना. बोटाने सांगायचे. त्या माणसाला आता झोपू दे, लेकरा. मेलेल्याला कशाला कामाला लावतेस? तू जिवंत आहेस ना? तुला तोंड आहे ना? तू बोल.”

“माझं कोण ऐकणार?”

“नाही ऐकणार कदाचित. मग माझ्यासारखं होईल. त्याने काय मरत नाही माणूस.”

मग मान वर न करता विचारलं, “वनमालाचा पाय कसा आहे?”

मी म्हटलं, पाय ठीक आहे.

तव्यावरची भाकरी तिने उलटली नाही. करपल्याचा वास आला तेव्हा मीच गॅस बंद केला.

११ जानेवारी, रविवार

बोलले.

सकाळी पाण्याच्या वेळेला, नळापाशी, सगळे असतात तेव्हा. म्हटलं, ते गाऱ्हाणं बाबांचं नाही. मी लिहिलं, मशीनने म्हटलं. बाबा असं कधी बोलले नव्हते. शकुकाकी आपलं घर अडवत नाही, ती फक्त वाचा म्हणते.

आधी कोणाला कळेना. मग एकजण हसला. “तू लिहिलंस? तुझं नाटक बघायला आलेलो आम्ही अख्खी चाळ, कोणाला घंटा कळलं नाही. आणि हे तर माझ्या म्हाताऱ्याला पण पाठ झालंय!”

हशा.

मी मोबाइल काढून दाखवायला लागले, असं टाइप करायचं, असं होतं. लवूमामा पुढे आले. रागावले नव्हते. डोळ्यांत पाणी होतं. “गो पोरी, बापाच्या आवाजार हात टाकू नको. कोणी शिकवल्यान तुका ह्या?” आणि त्यांनी मान वळवली. काकीच्या दाराकडे.

मग सगळ्यांनीच.

“हां, तरीच. गुरुवारी दुपारी तिच्या घरात होती.”

“पोरीला पण फिरवली तिने.”

म्हणजे आता काकी मेलेल्या माणसालाही खोटं पाडणारी झाली. आणि नाव अजूनही कोणी घेतलेलं नाही. मी खरं बोलले आणि त्याचा उपयोग त्यांच्याच बाजूने झाला, आपोआप, कोणी काही न लिहिता. इतकं चांगलं मला कधी लिहिता आलं नसतं.

बादल्या भरून लोक गेले. आमची बादली भरून कोणीतरी बाजूला ठेवली होती. चंद्रप्रकाशभाऊंचं घर आहे ना.

१२ जानेवारी

आई कोळंबी सोलत बसली होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

“आई, तुझाही विश्वास नाही?”

“कसलो?”

“ते बाबा नव्हते.”

“माका पयल्याच वाक्याक कळला,” आई म्हणाली. हात थांबला नाही. “ते ‘बा म्हाराजा’ म्हणताना आधी खोकत. तंबाखूचो खोकलो. ह्यात खोकलो नाय. आणि काटे-बिटे असला ते कधी बोलले नाय. सत्तावीस वर्सां ऐकलंय मी.”

“मग होय कशाला म्हणालीस? सगळ्यांत आधी म्हणालीस! काकी बाजूला बसलेली तुझ्या.”

आईने एक कोळंबी सोलली. धागा काढला. दुसरी घेतली.

“होय म्हटला नाय तर ते फुडला बोलनत नाय,” ती म्हणाली.

मांजर येऊन साली घेऊन गेलं.

मी काढलेल्या सगळ्या नोट्स, तीन वाक्यं, रिकामी जागा, सगळं डोक्यात होतं आणि त्यात आई कुठेच बसत नव्हती. तिला काही पटलंच नव्हतं. तिला फक्त तो आवाज थांबायला नको होता.

“काकीकडे जा ना,” मी म्हटलं.

“कशी जाव? देवासमोर होय म्हटलंय. फिरवूचा कसा? आणि कुठल्या तोंडान?” मग हात धुतले, पदराला पुसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुज्या मशीनीत अजून आसत ते?”

“आई.”

“माका ठावक हा खोटा हा ता. तरी.”

“काय ऐकायचंय तुला?”

“कायपण. माज्याशी बोलूदेत. देवाशीच बोलतत मेले सगळीकडे.”

काकीने सांगितलं होतं, झोपू दे त्यांना. मला आठवत होतं. पण काकीला हेही ठाऊक नव्हतं की आई स्वतः मागेल. मागितलेलं देणं आणि गळ्यात मारणं यात फरक आहे. आहेच.

बाबा आईला नावाने हाक मारत नसत. ‘गो’ म्हणत. मी लिहिलं: गो, ऐक. शकुकडे जा. तेचा माका वायट वाटणा नाय.

पहिल्यांदा ते गाऱ्हाण्याच्या सुरात आलं, उंच, देवाला हाक मारल्यासारखं. चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये बाबा घरातल्यासारखं कुठेच बोललेले नाहीत. मी सेटिंग बदलत राहिले. सातव्या वेळी जमलं. कोणीतरी खाटेवरून, कूस बदलून बोलावं तसं. खोकलासुद्धा टाकला आधी.

आईने तो एकदाच ऐकला. केस सारखे केले, कोळंबीचा वाडगा उचलला आणि शेजारच्या दारावर थाप मारली. “शकु, उघड गो. सोलून आणलंय, तुका सोलूचा कंटाळा.”

दार उघडल्याचा आवाज आला. मग भिंतीपलीकडून आईचं रडणं, आणि काकीचा आवाज, “अगं बस, बस आधी.”

म्हणजे झालं. दोघी परत बोलल्या, याला कोण वाईट म्हणेल? आई सुटली, याला? खोटं वापरलं खरं, पण एकदाच, आणि घरातल्या घरात. काकीला कळायचं काही कारण नाही.

१३ जानेवारी

प्रचाराचा शेवटचा दिवस. आई आणि काकी दुपारी फिरल्या, आई पुढे. बारा दारं उघडली. सम्यकने मेसेज केला: ‘काय केलंस?’ मी लिहिलं, ‘बोलले आईशी.’

१७ जानेवारी

काकी काल हरली. बरीच मागे राहिली. प्रीतमदादांच्या पोरांनी चाळीच्या तोंडाशी फटाके लावले. काकी म्हणाली, “चला, सुटले. आता बुधवारी निवांत वाचता येईल.” तिने पुन्हा खुर्ची टाकायचं ठरवलंय. ऐकायला कोण येतं बघू.

आई बरी आहे. जेवते नीट. सकाळचा चहा झाला की माझ्यासमोर येऊन बसते आणि विचारते, “आज काय म्हणतत?” पहिल्या दिवशी मी टाळलं, तर दिवसभर बोलली नाही. मग लिहून देते एखादं वाक्य. औषध घे. पंखो कमी कर. साधंच. औषधं खरंच वेळेवर घ्यायला लागली आहे.

आज बिल्डरचा माणूस संमतीचे कागद पुन्हा देऊन गेला. सोमवारपर्यंत सह्या हव्यात. आईने ते उघडले नाहीत. आणून माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवले.

“काकीला बोलवू या? ती वाचून दाखवेल,” मी म्हटलं.

“तिका कशाक तरास. तेंका विचार. सही करू काय नको.”

“आई, ते मीच लिहिते. तुला माहितेय ना?”

“ठावक हा गो,” आई म्हणाली. पदर डोक्यावर घेतला आणि हात मांडीवर ठेवून बसली.

मला वाटतं करू नये. वाचल्याशिवाय तर मुळीच नाही. हे तिला समजावायला मला अख्खी दुपार लागेल, आणि तरी समजेल की नाही सांगता येत नाही. बाबांना दोन मिनिटं लागतील.

मी टाइप करायला घेतलं.